विंध्याचे घाट, सायकल आणि आपले हृदय

‘घाट’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. डोंगरातून वर चढणाऱ्या वाटेला आपण घाट म्हणतो आणि नदीकाठच्या पायऱ्यांनाही घाटच म्हणतो. स्पॅनिश भाषेतही असाच एक शब्द आहे. ‘पुएर्तो’ म्हणजे बंदर, आणि ‘पुएर्तो’ म्हणजेच डोंगरातली खिंड. स्पेनमधील सायकलस्वार ‘पुएर्तो’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात समुद्र नसतो. पाइनच्या जंगलातून वळणे घेत वर जाणारा रस्ता असतो. धार-देवासच्या रहिवाशांना मात्र या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच दिवसात पायांखाली घालता येतात. माळव्याच्या पठारावरून विंध्याचा घाट उतरावा आणि महेश्वरला नर्मदेच्या घाटावर जाऊन बसावे, एवढेच अंतर आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या दोन्ही शहरांत गिअरच्या सायकली दिसू लागल्या आहेत. त्या चालवणाऱ्यांत पन्नाशीच्या आसपासची मंडळी पुष्कळ असतात, आणि त्यांत डॉक्टरांची संख्याही लक्षणीय असते. शहराबाहेरच्या सपाट रस्त्यावर चार-सहा महिने सायकल चालवली की साहजिकच जंगलाची आणि घाटाची ओढ लागते. ही ओढ निरोगी आहे. परंतु आपल्या भागातील घाटांचा एक विशेष स्वभाव आहे. तो समजून न घेता निघणाऱ्याला हे घाट अडचणीत आणतात. तो स्वभाव कोणता, शरीराकडून त्याची मागणी किती, आणि कोणत्या वाटेने जाणे शहाणपणाचे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

घाटांची घडण

माळव्याचे पठार समुद्रसपाटीपासून सरासरी ५०० मीटर उंच आहे. धार व देवास ही दोन्ही शहरे त्याहून थोडी वरच्या उंचीवर वसली आहेत. दक्षिणेकडे नर्मदेचे खोरे म्हणजे निमाड; तेथे महेश्वर-मंडलेश्वरची उंची दीडशे मीटरच्या आसपास. या दोहोंच्या मध्ये विंध्याची रांग उभी आहे. ‘उभी आहे’ हे वर्णन निमाडातून पाहणाऱ्याला पटते. माळव्यातून जाणाऱ्याला ती फारशी जाणवतही नाही. कारण विंध्याची उत्तर बाजू अतिशय सौम्य आहे आणि दक्षिण बाजू कड्यासारखी तुटलेली आहे.

याचा पुरावा नद्या देतात. महूजवळच्या जानापाव डोंगरावर उगम पावणारी चंबळ, इंदूरजवळच्या टेकड्यांतून निघणारी क्षिप्रा आणि देवास जिल्ह्यातील बागलीजवळ उगम पावणारी कालीसिंध या तिन्ही नद्या नर्मदेच्या इतक्या निकट जन्म घेऊनही तिच्याकडे पाठ फिरवून उत्तरेला वाहतात. त्यांचे पाणी यमुना-गंगेतून बंगालच्या उपसागराला मिळते. रांगेच्या माथ्यावरून काही अंतर दक्षिणेला पडलेला पावसाचा थेंब मात्र नर्मदेतून अरबी समुद्रात जातो. हे घाट ज्वालामुखीच्या लाव्हाचे थरावर थर साचून झालेल्या काळ्या पाषाणात कोरलेले असल्यामुळे रस्ता कित्येक ठिकाणी पायरीपायरीने उतरतो. तीव्र उतार, मग थोडी सपाटी, पुन्हा तीव्र उतार. भोवती साग, धावडा, सालई, मोह, तेंदू आणि पळस यांचे पानगळीचे वन आहे.

हे घाट म्हणजे माळव्याची दारे होत. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याच्या लढाईत चिमाजी आप्पांच्या सैन्याने मोगलांचा सुभेदार गिरधर बहादुर याचा पराभव केला. त्यापूर्वीच्या दिवसांत ते सैन्य नर्मदा ओलांडून मांडवगडच्या बाजूचा घाट चढून वर आले होते, आणि त्यात उदाजी पवारही होते. धार व देवास येथील पवारांची संस्थाने आणि त्यांच्या आश्रयाने येथे स्थिरावलेली आपली मराठी घरे, या साऱ्यांचा इतिहास घाट चढून वर येण्यापासून सुरू होतो. जामघाटाच्या माथ्यावर अहिल्याबाई होळकरांच्या काळात, १७९१ च्या सुमारास बांधलेला भव्य दरवाजा आजही उभा आहे. त्याच्या कमानीतून दक्षिणेकडे पाहिले की पठार एकाएकी संपते आणि निमाड खाली पसरलेला दिसतो.

आधी उतार, मग चढ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. स्पेनमध्ये माद्रिदच्या उत्तरेस ग्वादारामा नावाची पर्वतरांग आहे. सेगोव्हिया प्रांतातील ला ग्रांखा या गावाहून निघालेला सायकलस्वार वाल्साइनच्या पाइनवनातून, ‘सात वळणे’ या नावानेच प्रसिद्ध असलेल्या रस्त्याने, १,८५० मीटरहून उंच असलेल्या नाव्हासेरादा खिंडीत पोहोचतो. घर पायथ्याशी, खिंड वर. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी तो चढतो. दमला, छातीत धाप मावेनाशी झाली, तर सायकल वळवतो आणि पॅडल न मारता घरी परततो. त्याच्या चुकीला उतार सांभाळून घेतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत ज्या बोरघाटासाठी ‘घाटाचा राजा’ हा किताब दिला जातो, तोही मुंबईहून निघणाऱ्याला आधी चढावाच लागतो.

आपले उलटे आहे. आपण माथ्यावर राहतो. धारहून, महूहून अथवा बागलीहून दक्षिणेला निघालेला माणूस प्रथम घाट उतरतो. सहा-सात किलोमीटरची वाट पंधरा-वीस मिनिटांत सरते. वारा अंगावर येतो, जंगल मागे पळते, आणि आपण फार तयारीचे सायकलस्वार आहोत अशी समजूत होते. हे सारे उसने असते. परतफेड दुपारी करावयाची असते. तेव्हा ऊन डोक्यावर असते, स्नायूंतील साखरेचा साठा उतरलेला असतो, बाटलीतील पाणी कोमट झालेले असते, आणि घर वर असते. त्यात भर म्हणून निमाडची हवा मुळातच अधिक उष्ण. उंची एक किलोमीटरने कमी झाली की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी वाढते. या हिशेबाने नुसत्या चारशे मीटरच्या फरकानेच अडीच अंशांची वाढ होते. खोऱ्यातील कोंडलेली हवा निराळीच. शरीर जेव्हा सर्वांत दुबळे असते, तेव्हा त्याच्याकडून सर्वाधिक काम मागितले जाते. आपल्या घाटांचा विशेष स्वभाव तो हाच.

चढाची मात्रा

डॉक्टरांना मात्रेची भाषा कळते, म्हणून घाटाची मात्राही मोजून पाहू. सत्तर किलो वजनाचा मनुष्य व बारा किलोची सायकल असे ब्याऐंशी किलो चारशे मीटर वर न्यायचे, तर सुमारे ३२० किलोज्यूल एवढे यांत्रिक काम होते. स्नायूंची कार्यक्षमता पाव हिश्श्याच्या आसपास असते, म्हणून शरीराला त्यासाठी सुमारे ३२० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. आकडा तसा मोठा नाही. पण प्रश्न किती खर्च याचा नसून किती वेगाने खर्च, याचा आहे.

रस्ता शंभर मीटरला सहा मीटर चढत असेल आणि सायकल ताशी आठ किलोमीटर वेगाने चालवली, तर चारशे मीटरच्या चढाला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. या काळात पायांना सतत सुमारे १२० वॉट शक्ती द्यावी लागते. प्राणवायूच्या हिशेबात हे काम सात मेटच्या आसपास जाते. ब्रूस पद्धतीच्या ट्रेडमिल चाचणीत दुसरा टप्पा संपताना, म्हणजे सहाव्या मिनिटाला, रुग्णाने साधारण एवढेच काम केलेले असते. म्हणजे सौम्य घाट सावकाश चढणे हेदेखील दुसऱ्या टप्प्यावर पाऊण तास टिकून राहण्यासारखे आहे. जो त्या चाचणीत सहाव्या मिनिटाला थांबवा म्हणतो, त्याच्यासाठी घाट हा व्यायाम नसून तपासणी आहे. आणि तीही अशी की शेजारी ना यंत्र, ना डॉक्टर.

या हिशेबातूनच गिअरचे महत्त्व लक्षात येते. वीस किलोची, एकाच गिअरची जुनी सायकल पॅडलच्या एका फेऱ्यात सुमारे पाच मीटर पुढे जाते. मिनिटाला पन्नास फेरे ठेवले तरी ती ताशी पंधरा किलोमीटर वेगाने चालवावी लागते आणि तोच चढ तिच्यावर सव्वादोनशे-अडीचशे वॉट मागतो. सामान्य प्रकृतीच्या माणसाला हे पाच मिनिटेही पेलत नाही. म्हणून दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा खेडूत घाटात उतरून सायकल ढकलत नेतो. तो कमकुवत नसतो. त्याचा हिशेब बरोबर असतो. हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवणे आणि वेग आपण होऊन पडू देणे, ही घाट चढण्याची खरी विद्या आहे. बोलताना एक पूर्ण वाक्य एका श्वासात म्हणता येते आहे, तोवर मात्रा योग्य समजावी. वाक्य तुटू लागले की थांबावे.

नाडी मोजून श्रम ठरवण्याची सवय चांगली, पण बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत ती फसवते. नाडी वाढतच नाही, श्रम मात्र वाढलेले असतात. त्यांनी बोलण्याची कसोटीच वापरावी. इन्सुलिन अथवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना परतीच्या चढावर साखर उतरण्याचा धोका असतो. हा धोका श्रम संपल्यावरही काही तास, कधी रात्रीपर्यंत, राहतो. उच्च रक्तदाबासाठी मूत्रल औषध चालू असेल, तर निमाडच्या उन्हात पाणी आणि क्षार दोन्ही लवकर घटतात. अशा रुग्णांना सायकल वर्ज्य नाही. मात्र औषधाची वेळ, मात्रा आणि प्रवासाचा दिवस यांची सांगड आपल्या डॉक्टरांशी बोलून घालावयास हवी. आणि डॉक्टर स्वतःच रुग्ण असतील, तर त्यांनी ती दुसऱ्या डॉक्टरांशी बोलून घालावी.

कोणत्या वाटेने जावे

नवशिक्यासाठी सर्वांत उत्तम वाट म्हणजे धार-नालछा-मांडू. अंतर सुमारे पस्तीस किलोमीटर. मांडू हे पठाराचाच एक तुटलेला तुकडा असल्याने येथे निमाडात उतरावे लागत नाही. रस्ता लाटांसारखा वरखाली होत जातो. शेवटी पठारापासून मांडूला वेगळे करणारी काकडा खोहची खोल दरी लागते आणि दरवाजांच्या मालिकेतून वळणे घेत आपण गडावर पोहोचतो. वाटेत गोरखचिंचेचे, म्हणजे ज्याला येथे ‘मांडूची इमली’ म्हणतात त्याचे, अवाढव्य बुंधे दिसतात. मूळचे आफ्रिकेचे हे झाड येथे शतकानुशतके रुजले आहे. दरवाजांतील वळणे आंधळी आहेत आणि पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी मोटारींची दाटी होते; म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे जावे. रूपमतीच्या महालावरून खालचा निमाड पाहावा आणि तेथूनच परतावे. पहिल्या वर्षी एवढेच पुरे.

दुसरी वाट जामघाटाची. महूहून बडगोंद्यावरून जामच्या दरवाजापर्यंतचा रस्ता पठाराचा आहे. दरवाजा ओलांडताच उतार सुरू होतो आणि मंडलेश्वरला नर्मदेपाशी संपतो. तेथून महेश्वर आठ-दहा किलोमीटर. ही आपल्या भागातील सुंदर वनवाट, आणि आधी सांगितलेल्या उलट्या हिशेबाचे ठळक उदाहरणही. ती करण्याच्या दोन सुरक्षित रीती आहेत. एक, सायकली वाहनात घालून पहाटे मंडलेश्वरला जावे आणि आधी चढावे; मग दरवाजापाशी दम खाऊन पठारावरून परतावे. दोन, दुपारी उतरून महेश्वरला मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच चढाला लागावे. दोन्ही रीतींत चढ सकाळच्या वाट्याला येतो, आणि सारे रहस्य एवढेच आहे. एका दिवसात उतरून दुपारी चढण्याचा मोह मात्र टाळावा.

देवासकरांसाठी तिसरी वाट बागलीच्या बाजूची. कालीसिंधच्या उगमाचा हा प्रदेश. बागलीहून पुंजापुऱ्याकडे जाणारा रस्ता सागाच्या वनातून दक्षिणेला उतरतो. वर्दळ कमी, सावली भरपूर. याच तालुक्यात कावडियाचे डोंगर आहेत. तेथे लाव्हा थंड होताना तयार झालेले पाषाणाचे कोनदार स्तंभ रचून ठेवल्यासारखे पडले आहेत आणि दगडाने ठोकले असता त्यांतून धातूसारखा नाद निघतो. या बाजूला वस्ती विरळ असल्याने एकट्याने जाऊ नये; पाणी, पंक्चरचे सामान व खाणे बरोबर असावे.

कोणत्या वाटेने जाऊ नये, हेही तितकेच महत्त्वाचे. आग्रा-मुंबई महामार्गावर मानपूर ते धामनोद यांच्या दरम्यानचा गणपती घाट हा धार जिल्ह्यातील अपघातांचे कुप्रसिद्ध ठिकाण होता. लांब उतारावर भरलेल्या ट्रकचे ब्रेक तापून निकामी होत आणि ते पुढच्या वाहनांवर आदळत. २०२४ मध्ये तेथे कमी उताराचा नवा मार्ग खुला झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही अवजड वाहनांचा महामार्ग ही सायकलीची जागा नव्हे. तीच गोष्ट इंदूर-बैतूल मार्गावरील चापड्याच्या पुढच्या घाटाची.

उतारावरील शिस्त

आतापर्यंत चढाची चर्चा केली, पण हाडे मोडतात ती उतारावर. वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे अंतर चौपट होते. शंभराला आठ मीटर उतार असेल, तर ब्रेक न लावलेली सायकल पाहता पाहता ताशी पन्नास किलोमीटरच्या पुढे जाते. ट्रकचे ब्रेक जसे तापतात, तशी सायकलची रिमही तापते. म्हणून ब्रेक सतत दाबून धरू नयेत. वळणापूर्वी दोन्ही ब्रेक वापरून वेग उतरवावा, वळणात सोडावेत. वळणावर सांडलेली खडी, रस्त्यात बसलेली गुरे, पहिल्या पावसाने डांबरावर आलेला तेलकट थर आणि थंडीत पडलेली सागाची वाळकी पाने ही चार निमित्ते ध्यानात ठेवावीत. हेल्मेटविना घाट उतरू नये, यावर डॉक्टरांच्या सभेत तरी चर्चेची गरज नसावी. घाटात मोबाईलचा संपर्क सर्वत्र मिळेलच असे नाही. म्हणून किमान तिघांनी जावे. एक जखमी झाला तर दुसरा त्याच्याजवळ थांबेल आणि तिसरा मदत आणील.

ऋतू म्हणाल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत पळस फुलतो, तेव्हाही सकाळी जाता येते. एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत निमाडात उतरू नये.

श्रम कशासाठी?

एवढी सावधगिरी बाळगून हे करावेच कशाला, असे कोणी विचारील. उत्तर आपल्याच शास्त्रात आहे. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. पॉल डडली व्हाइट हे सायकलचे कट्टर पुरस्कर्ते होते. हृदयरोग्याला कित्येक आठवडे खाटेवर निजवून ठेवण्याचा तो काळ होता. २०१७ मध्ये ब्रिटनमधील सुमारे २,६३,००० नोकरदारांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सायकलने कामावर जाणाऱ्यांमध्ये त्या काळातील मृत्यूचे प्रमाण मोटारीने अथवा अन्य वाहनाने जाणाऱ्यांपेक्षा सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. ही निरीक्षणात्मक पाहणी आहे. मुळातच निरोगी असलेली माणसे सायकल निवडतात, हा आक्षेप तिच्यावर घेता येईल. तरीही दिशा स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सुचवलेली मात्रा आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची आहे. सपाटीवर आठवड्यातून चार दिवस पाऊण तास सायकल चालवली तरी ती भरते.

आणि डॉक्टरांना वेळ नसतो ही सबब आपल्याच व्यवसायबंधूंनी खोटी ठरवली आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने बारा दिवसांच्या आत पार केली. आपल्याला अमेरिका ओलांडायची नाही. जामचा दरवाजा चढायचा आहे.

त्यासाठी सहा-आठ आठवड्यांची सपाटीवरील तयारी, चाळिशी उलटली असेल तर एकदा रक्तदाब, साखर व हृदयाची तपासणी, आणि मग मांडूची वाट, असा क्रम ठेवावा. संस्था म्हणूनही आपल्याला काही करता येईल. स्पेनमधील खिंडींच्या माथ्यावर नाव व उंची लिहिलेल्या पाट्या असतात, आणि सायकलस्वाराला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर राखावे असा तेथे कायदा आहे. कायदा आपल्या हाती नाही, पाटी मात्र आहे. संबंधित खात्यांची अनुमती घेऊन जामघाट व बागलीच्या घाटाच्या पायथ्याशी घाटाची लांबी, चढ, माथ्यापर्यंत पाणी मिळण्याची ठिकाणे, जवळचे शासकीय रुग्णालय आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक लिहिलेली पाटी लावावी. माथ्यावरच्या चहाच्या टपरीत एक प्रथमोपचार पेटी ठेवावी आणि दर तीन महिन्यांनी तिच्यातील औषधे बदलण्याचे काम मंडळातील एकेका सदस्याने वाटून घ्यावे. खर्च किरकोळ आहे. दुपारच्या उन्हात अर्ध्या घाटात छातीला हात लावून थांबलेल्या एखाद्या सायकलस्वाराला, किंवा मोळी घेऊन चढणाऱ्या गावकऱ्यालाही, तिचा उपयोग होईल.